फिल्टरवरचं कुंकू

आमच्या घरी एक जीप आहे, आणि तिच्या इंजिनातलं ऑइल कधी बदलायचं यावर साखरखेर्ड्यातल्या प्रत्येक पुरुषाचं आपापलं मत आहे. बायकांना कोणी विचारत नाही. मी कोणी विचारायची वाट पाहत बसले नाही.

माझा नवरा ती साखरखेर्डा ते चिखली प्रवासी भरून, काळी-पिवळी म्हणून चालवतो. गाडी घरची, ड्रायव्हर घरचा, आणि भीतीही घरचीच. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला. स्टँडवरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "पुस्तक गेलं चुलीत, वहिनी. ऑइल काळं पडलं का बदलायचं." त्याच्या शेजारचा म्हणाला, "बदलायचं कायले? कमी झालं का वरून ओतायचं." पुण्याच्या नंदोयांनी, म्हणजे नणंदेच्या यजमानांनी, फोनवर सांगितलं, भारीतलं ऑइल टाका आणि पंधरा हजारापर्यंत बोनेटकडे बघूही नका. आणि चिखलीचे चाचा, ज्यांच्या गॅरेजला आमची गाडी जाते, ते म्हणत, पाच हजार. त्यावर एक किलोमीटर नाही.

माझा स्वभाव असा आहे की कोणी फुकटचा सल्ला दिला की मी आधी बघते, यात याचं काय पिकतंय. वरून ओतायचं म्हणणाऱ्याची गाडी वीटभट्टीसारखी धूर सोडत चालते, त्याचं काय ऐकायचं? नंदोई ऑइलच्याच दुकानात कामाला, ते भारीतलंच सांगणार. कंपनीला काय, वॉरंटी संपेपर्यंत गाडी चालली की गंगेत घोडं न्हालं. राहिले चाचा. पाच हजार म्हणजे दहा हजारांत एकाऐवजी दोन वेळा त्यांच्या दारात. त्यातून गॅरेजच्या कोपऱ्यात एक मोठा ड्रम, आणि त्यात सगळ्या गाड्यांचं जळालेलं ऑइल. स्लॅब टाकणारे लोक कॅन घेऊन येतात आणि सेंटरिंगच्या प्लेटांना फासायला ते घेऊन जातात. म्हणजे गाडीत घालायचं तेही विकायचं आणि गाडीतून निघालं तेही विकायचं! मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं तेव्हा तो हसला.

"तू पोलिसात भरती हो," तो म्हणाला. "चाचावर शक? अवं, त्या माणसानं मेलेली गाडी जिती केली आपली."

"त्याच्या आधीचाही असाच गोड बोलत होता," मी म्हटलं.

हे शकाचं खूळ मी माहेरून आणलेलं नाही. चाचांच्या आधी आम्ही दुसऱ्या एका गॅरेजला जायचो, ते आता बंद पडलंय. तो मिस्त्री वहिनी वहिनी करायचा, पोरीच्या हातावर चॉकलेट ठेवायचा. ऑइल बदललं म्हणायचा, फिल्टर बदलला म्हणायचा. एका दुपारी साखरपुड्याचं वऱ्हाड भरून गाडी निघाली, अर्ध्या रस्त्यात इंजिन खडखड वाजलं आणि जागच्या जागी जाम झालं. वऱ्हाड उन्हात, नवरदेवाचा मामा शिव्या देतोय, आणि माझा नवरा बोनेट उघडून डोक्याला हात लावून उभा. इंजिन खोललं तेव्हा आतलं ऑइल डांबरासारखं झालं होतं. फिल्टर पहिल्याच दिवसाचा. दर वेळी त्या मिस्त्र्यानं तो डिझेलनं पुसून, चकचकीत करून परत बसवला होता.

गाडी घरामागे चिंचेखाली उभी राहिली. मागच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. नवरा चाकणला गेला, कंपनीतल्या लोकांची ने-आण करणाऱ्या बसवर. दिवाळीला आला तो गालफडं बसलेला, दाढी वाढलेली. फोनवर पोरगी त्याला ओळखायची, रोज बाबा बाबा करायची. दारात मात्र तिनं ओळखलं नाही. आत पळाली, पाण्याचा गिलास भरून घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरून म्हणाली, "बसा. बाबा नाहीत घरी."

त्यानं तो गिलास घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मी चुलीपुढे जाऊन बसले आणि धूर लागला म्हणून डोळे पुसले. चूल पेटलेली नव्हती.

पुढे कोणीतरी चाचांचं नाव सांगितलं. त्यांनी इंजिन नव्यानं बांधून दिलं आणि नवरा परत आला. पण त्या दिवशीच त्यानं मला सांगितलं, "आता पुन्हा असं झालं ना, तर गाडी भंगारात अन् मी कायमचा चाकणले. पुन्हा उभं राह्यची ताकद नाही आपल्यात." त्यामुळे लोकांना ऑइल म्हणजे ऑइल दिसतं, मला पोरीच्या हातातला गिलास दिसतो. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्याला कोणी शहाणपण शिकवू नये.

मग मी ठरवलं, पाच हजार की दहा हजार हे नंतर पाहू. आधी हा माणूस खरोखर बदलतो की नाही ते पाहू. बदलतच नसेल, तर पाच काय आणि पन्नास काय!

फिल्टर म्हणजे इंजिनच्या कुशीला लावलेला एक लहान पत्र्याचा डबा असतो, ऑइल गाळणारा. मागच्या भानगडीनंतर मी तो ओळखायला शिकले होते. नवरा आंघोळीला गेला तशी मी बोनेट उघडलं, कुंकवात खाण्याच्या तेलाचा थेंब कालवला आणि फिल्टरच्या इंजिनाकडच्या बाजूला बोटानं ठसठशीत टिळा लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही, पण वाकून उजेड टाकला की दिसेल असा. पेनाची खूण केली असती, पण पेनाची खूण पाहिली की चोर सावध होतो. कुंकू पाहिलं की हात जोडतो आणि पुढे जातो. शिवाय नवऱ्यानं पाहिलंच तर पूजा केली म्हणायची सोय. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

नवऱ्यानं पाहिलंच. केस पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "गाडीपाशी काय करून राह्यली?"

"कुंकू लावलं इंजिनला. तुमचं काही जाते काय?"

"नाही बा," तो म्हणाला, आणि बरं वाटल्यासारखा हसला. मला थोडं टोचलं. पण थोडंच.

आठवड्याभरात पाच हजार भरले. गाडी चिखलीला गेली आणि संध्याकाळी परत आली. मी दारातच विचारलं, "झालं?"

"झालं. ऑइल, फिल्टर, सगळं."

"समोर बसले होते का तुम्ही?"

"चाचापाशी काय समोर बसायचं? चहाले गेलतो."

चहाला! तो पोरीला घेऊन दुकानात गेला, तसं मी बोनेट उघडलं आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. कुंकू जागच्या जागी होतं. लालभडक. जरासुद्धा काळवंडलेलं नाही, म्हणजे डब्याला कोणाचा हात लागलेलाच नाही, असा मी अर्थ लावला. डबा चकचकीत होता, पण चकचकीत करायची कला मी आधी भोगली होती. टिळ्याभोवती पांढुरकी भुकटी दिसली. आमच्या रस्त्याची धूळ काळी, ही पांढरी कुठली, असा आणखी एक शक आला. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, भुकटीचा विचार करायला डोकं होतं कुठं?

त्या संध्याकाळी दोन भाकरी माझ्याकडून करपल्या. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं मलाच वेड्यात काढलं असतं, नाहीतर चाचांपुढे जाऊन निम्मं बोलून, चहा पिऊन परत आला असता. त्याला भांडता येत नाही. भांडण हे माझं खातं आहे. सकाळी तो पहिली ट्रिप घेऊन गेला, पोरीला मी जाऊबाईंकडे सोडलं, आणि मी एसटीनं चिखलीला निघाले. स्टँडवरच्या कोणाच्या जीपमध्ये बसले असते तर माझ्या आधी बातमी पोचली असती. सगळा रस्ता मी मनात भांडत होते. चाचा काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणीन, सगळं ठरलं होतं. एकदा तर मोठ्यानं बोलले, तशी शेजारची म्हातारी सरकून बसली.

चाचांचं गॅरेज एका गल्लीत आहे, पिठाच्या गिरणीला लागून. चाचा म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, एका ट्रॅक्टरच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. बरंच झालं, म्हटलं, साक्षीदार आहेत.

"चाचा, काल आमच्या गाडीत फिल्टर कोणता टाकला?"

"नवा टाकला. काऊन बाई, गळते काय?"

"नवा? हातच्या काकणाला आरसा कशाला, चाचा! जुन्यावर मी खूण करून पाठवली होती. कुंकवाची. गाडी घरी आली अन् खूण जागेवर! आमचं घर एकदा बुडवलं एकानं असंच पुसून पुसून. माझा माणूस परदेशी गेल्यासारखा गेला होता, पोरीनं बापाला ओळखलं नाही. तुम्ही म्हातारे माणूस, तुम्हाला आम्ही देवासारखं मानलं, अन् तुम्हीही तेच करता?"

आणखीही बरंच बोलले. एसटीत ठरवलेलं सगळं बोलले. बाकावरची गिऱ्हाइकं खाली बघू लागली. चाचांनी मला मधे तोडलं नाही. ट्रॅक्टरमधून हात काढले, फडक्याला पुसले आणि विचारलं, "खूण होती ते?"

"हो, खूण होती!"

ते आत गेले. वरच्या फळीवर हात घातला आणि वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी खाली आणलं. माझ्यासमोर उघडलं. आत फिल्टर होता, ऑइलनं माखलेला, जुना. त्याच्या अंगावर माझा टिळा होता. तापून तापून तपकिरी पडलेला, पण माझाच. माझ्या बोटाची रेघ मी ओळखली.

"हा तुमचा जुना," चाचा म्हणाले.

"मग नव्यावर कुंकू कसं आलं?"

चाचांनी गिरणीकडे तोंड करून हाक मारली, "ओ बाई, जरा इकडं या." गिरणीवाली आली. कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत पीठ. चाचांनी तिला विचारलं, "काल त्या जीपले तुमी काय लावलं, ते यायले सांगा."

"कुंकू लावलं," ती म्हणाली. "चाचा आले धावत. म्हनाले, या गाडीवाल्याच्या बाईनं इंजिनले कुंकू लावलं आहे, मी जुना डबा काढून राह्यलो, नव्यावर तुमी लावून द्या. मह्या हातानं चालते का नाही, मले मालूम नाही, असं म्हनाले. मी दळण तसंच टाकलं, चक्कीच्या पूजेचं कुंकू घेतलं अन् आली. काऊन, काही चुकलं काय?"

पांढरी भुकटी! गव्हाचं पीठ होतं ते, दुसरं काही नाही.

"जुना भंगारात टाकतो मी," चाचा म्हणाले. "पन त्याच्यावर कुंकू होतं. पायदळी आलं असतं, म्हनून वर ठेवला. मले वाटलं, मानूस दिवसभर रोडवर राह्यते, बाईनं त्याच्यासाठी दुवा मांगली असन." मग फडकं खांद्यावर टाकत म्हणाले, "पहारा होता, हे मले समजलं नाही."

गिरणीवालीला एकदम सगळं उमगलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अवं बाई," ती म्हणाली, "कुंकवाले कोनी पहाऱ्यावर बसवते काय वं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला सांगू, शरमेच्याही आधी मला आनंद झाला होता. फिल्टर नवा होता. इंजिन शाबूत होतं. नवरा कुठं जाणार नव्हता. तो आनंद आधी झाला, आणि आधी झाला म्हणून शरम दुप्पट झाली. मी तोंडातल्या तोंडात "चुकलं चाचा" म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते ट्रॅक्टरकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "पुढच्या वेळी संगं या, बाई. समोर बसून पाहा."

त्यांनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. पण मी महिनाभर वाट पाहत होते, स्टँडवर कोणी हसतंय का, कोणी कुजबुजतंय का. खाई त्याला खवखवे. बाकावरची माणसं कुठल्या गावची होती, तेही मी चाचपून पाहिलं. कोणीच काही बोललं नाही, आणि त्याचाही मला संशय यायचा.

एक मात्र झालं. किती किलोमीटरला ऑइल बदलायचं, हा वाद मिटला. नवरा म्हणाला, पुस्तकात दहा आहे, या खेपेला आठपर्यंत ओढू. मी म्हटलं, "पाच. चाचांनी पाच सांगितलं आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला.

पाच हजार भरले तेव्हा मी सोबत गेले. चाचांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. मी मनातल्या मनात इतके दिवस जे जे मागत होते, ते सगळं त्यांनी केलं. ऑइलच्या कॅनचं सील माझ्या डोळ्यापुढे तोडलं. जुनं ऑइल माझ्यासमोर खाली सोडलं. जुना फिल्टर काढून माझ्या पायाशी ठेवला, नव्याचा खोका मला दाखवून फोडला. दर वेळी म्हणत, "पाहा बाई." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी टोमण्याला टोमणा दिला असता. खुर्चीवर बसून मला शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटत होतं.

नवा फिल्टर बसवून झाल्यावर त्यांनी खिशातून एक जाडसर पांढरा पेन काढून माझ्यापुढे धरला. "घ्या. टायरवाले याच्यानं नंबर टाकतात. ऑइलनं निघत नाही. खूण करून घ्या."

नवरा शेजारीच उभा होता. "कशाची खूण, चाचा?"

"आमचं काम आहे, बेटा. तू चहा घेऊन ये, जा."

म्हणजे त्या माणसानं तिथंही मला झाकून घेतलं. नवरा गेला. मी पेन हातात धरून उभी. वाटलं, परत द्यावा. म्हणावं, चाचा, आता लाजवू नका, मला खूण नको. शब्द जिभेवर आले होते. पण डोळ्यापुढे पोरगी आली, दोन्ही हातांनी गिलास धरलेली. मी वाकले आणि फिल्टरवर पांढरी रेघ मारली. चाचांनी ती पाहिली, मान हलवली आणि बोनेट लावलं. पेन परत घेतला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोनेट उघडलं आणि त्या रेघेच्या बाजूला कुंकू लावलं. या वेळी कोणाला पकडायला नाही. माणूस दिवसभर रस्त्यावर असतो, म्हणून. हे चाचांनी मला शिकवलं होतं, मला ते आधी सुचलंच नव्हतं. रेघ मात्र मी पुसली नाही. माझं मन अजून तेवढं मोठं झालेलं नाही, आणि झालं असं मी सांगणार नाही.

त्यानंतरच्या खेपेला लग्नसराई होती. माझ्याकडे शिवायला ब्लाऊजांचा ढीग पडला होता, मी चिखलीला गेले नाही. नवरा एकटाच गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला.

"समोर बसले होते का?" मी सवयीनं विचारलं.

"चहाले गेलतो," तो म्हणाला. पोरगी धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगली आणि तो तिला उचलून घरात गेला.

मी बोनेट उघडलं. पांढरी रेघ नव्हती. ती जुन्या फिल्टरबरोबर गेली होती, जायलाच पाहिजे होती. पण नव्या फिल्टरवर कुंकू होतं. ताजं, गोल, आणि भोवती पिठाची बोटं.

मी घरातून पेन आणला. नव्या फिल्टरवर माझी रेघ मारली, कुंकवापासून जरा दूर, पीठ पुसलं जाणार नाही अशी.